सीमारेषा आणि मधला प्रदेश : आकारिक भाषांच्या विलगनीयतेतून उद्भवणारा एक नैतिक प्रश्न

१

समीक्षेला व्याख्येचे आकर्षण फार जुने आहे. कविता म्हणजे काय, साहित्य म्हणजे काय, मौलिकता म्हणजे काय, हे प्रश्न विचारल्याशिवाय आपली सैद्धांतिक चर्चा सुरू होत नाही आणि त्यांची समाधानकारक उत्तरे मिळाल्याचे कोणी सांगत नाही. मॉरिस वाइट्झ यांनी १९५६ साली कलेची व्याख्या तत्त्वतःच अशक्य असल्याचे प्रतिपादन केले. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'च्या (१९७४) वाचकांनाही या प्रश्नाची गुंतागुंत नवी नाही. परंतु व्यवहारात आपण व्याख्येसाठी थांबत नाही. संपादक एक कविता स्वीकारतो, दुसरी परत पाठवतो. परीक्षक एक प्रबंध मान्य करतो, दुसरा नाकारतो. व्याख्या हाती नसतानाही भेद केला जातो.

प्रस्तुत लेखातील प्रश्न या विसंगतीतून निर्माण झाला आहे. ज्या दोन गोष्टींची आपण व्याख्या करू शकत नाही, त्यांच्यामध्ये रेषा ओढण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? आणि अशी रेषा ओढल्यावर, जे त्या दोहोंपैकी कशातच बसत नाही त्याला आपण काय देणे लागतो? या प्रश्नाचा विचार करताना मला अनपेक्षितपणे मदत झाली ती आकारिक भाषांच्या गणिती सिद्धान्ताची. साहित्याच्या प्राध्यापकाने गणिताच्या दारात जाणे संशयास्पद ठरावे असेच दिवस आहेत. १९९६ साली ॲलन सोकल यांनी 'सोशल टेक्स्ट' या नियतकालिकात एक बनावट लेख छापून आणला आणि मानव्यविद्यांतील उसन्या गणिती परिभाषेची शोभा केली. म्हणून प्रारंभीच सांगायला हवे, की येथे गणित रूपक म्हणून वापरण्याचा हेतू नाही. ज्या प्रसंगाविषयी मी बोलणार आहे, त्यात प्रत्यक्षात शब्दांच्या माळाच तपासल्या गेल्या होत्या. म्हणजे प्रश्न अक्षरशः त्याच क्षेत्रातला होता.

२

आकारिक भाषा म्हणजे एका ठरावीक वर्णमालेतील वर्णांच्या माळांचा संच, एवढेच. अर्थ, वक्ता, श्रोता, प्रसंग यांपैकी काहीही त्यात नसते. नोम चॉम्स्की यांनी १९५६ साली अशा भाषांचे वर्णन करणाऱ्या व्याकरणांची सामर्थ्यानुसार श्रेणी मांडली. त्याच वर्षी स्टीफन क्लीनी यांचा नियमित भाषांवरील निबंध प्रसिद्ध झाला. नियमित भाषा ओळखणारे यंत्र माळ डावीकडून उजवीकडे एकदा वाचते. त्याच्या अवस्था मोजक्या असतात आणि तेवढीच त्याची स्मृती. त्याच्या वरच्या पायरीवर संदर्भमुक्त भाषा येतात. उघडलेला प्रत्येक कंस योग्य ठिकाणी मिटला की नाही, हे तपासण्याइतकी स्मृती त्यांच्या यंत्राला असते.

आता क आणि ख ही दोनच अक्षरे घेऊ. पहिल्या भाषेत अशा माळा आहेत, की ज्यांत काही क येतात आणि त्यानंतर तितकेच ख. दुसऱ्या भाषेत उलट : आधी काही ख, नंतर तितकेच क. या दोन्ही भाषा नियमित नाहीत, कारण 'तितकेच' ही अट सांभाळण्यासाठी अमर्याद मोजणी लागते. तरीही त्यांच्यात भेद करणे अगदी सोपे आहे. माळेचे पहिले अक्षर पाहावे : क असेल तर पहिली, ख असेल तर दुसरी. दोन भाषांपैकी एकीला पूर्णतः सामावून घेणारा आणि दुसरीला कोठेही स्पर्श न करणारा असा जो सोपा संच, त्याला मी 'विलगक' म्हणतो, आणि असा संच उपलब्ध असण्याला 'विलगनीयता'. व्याख्या अवघड असूनही भेद सोपा असू शकतो, ही विलगनीयतेच्या सिद्धान्ताची पहिली शिकवण आहे. व्याख्या नसेल तर भेद करण्याचा अधिकारच नाही, हा आपल्या चर्चांतून वारंवार ऐकू येणारा युक्तिवाद येथे मोडून पडतो.

परंतु 'ककख' या माळेचे काय? ती पहिल्या भाषेत नाही आणि दुसऱ्याही नाही. आपल्या विलगकाने मात्र पहिले अक्षर पाहून तिला पहिल्या बाजूला टाकले. दोन्ही भाषांच्या दृष्टीने विलगक निर्दोष आहे, कारण त्याने पहिलीतील एकही माळ गमावलेली नाही आणि दुसरीतील एकही आत घेतलेली नाही. त्याची सारी मनमानी या मधल्या माळांच्या वाट्याला आली आहे. विलगकाला त्यांच्याविषयी काही ठाऊक नाही, आणि तरीही त्यांच्याबाबत निर्णय झालेला आहे. ज्या ठिकाणी दुसरी भाषा ही पहिलीची संपूर्ण पूरक असते, तेथे मधला प्रदेशच उरत नाही आणि विलगकाचा प्रश्न व्याख्येच्या प्रश्नाशी एकरूप होतो. जेथे ती पूरक नसते, तेथे मधला प्रदेश असतोच. तो दिसत नाही, कारण निकाल लागलेली गोष्ट निकालापूर्वी कोणत्या प्रदेशात होती हे कोणी विचारत नाही.

३

विलगन नेहमीच शक्य असते असेही नाही. पहिली भाषा तीच ठेवून दुसरी बदलू : काही क आणि त्यानंतर काही ख, पण दोहोंची संख्या असमान. या दोन भाषांत एकही माळ समाईक नाही, तरी त्यांना विलग करणारी नियमित भाषा असू शकत नाही. कारण साधे आहे. यंत्राच्या अवस्था मोजक्या आहेत, क मात्र कितीही असू शकतात. तेव्हा क-च्या दोन भिन्न संख्या वाचून झाल्यावर यंत्र एकाच अवस्थेत येणार. मग पहिल्या संख्येइतक्या क-पुढे दुसऱ्या संख्येइतके ख आले, तरी त्याला फरक कळणार नाही. समान माळा आत घेताना त्याने एक असमान माळही आत घेतलेली असते.

येथे क्लीनी यांचा १९५० मधील निष्कर्ष आठवावा. परस्परांपासून सर्वस्वी वेगळे असूनही कोणत्याही यांत्रिक रीतीने विलग न होणारे दोन संच त्यांनी दाखवून दिले. त्या दोहोंतील घटकांची यादी यंत्राला करता येते, पण प्रत्येक घटकाचा निवाडा मात्र करता येत नाही. आकारिक भाषांच्या क्षेत्रात टॉमस शिमान्स्की आणि जॉन विल्यम्स यांनी १९७६ साली असे सिद्ध केले, की दोन संदर्भमुक्त भाषा दिल्या असता त्यांच्यात नियमित विलगक आहे की नाही, हे ठरवणारी सर्वसाधारण रीतच अस्तित्वात नाही. म्हणजे काही वेळा रेषा ओढता येत नाही, आणि ती ओढता येईल की नाही हेही आधी सांगता येत नाही.

दोन्ही भाषा नियमित असतील आणि विलगक त्याहूनही साध्या वर्गातला हवा असेल, तेव्हा चित्र अधिक बोधप्रद होते. केवळ क-च्या बनलेल्या सम लांबीच्या आणि विषम लांबीच्या माळा घ्या. सम आणि विषम यांहून स्पष्ट भेद कोणता? परंतु ज्या वर्गातील यंत्रांना ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा मोजणे येत नाही, त्या वर्गात या दोहोंचा विलगक नाही. मार्सेल-पॉल शुत्झेनबर्जे यांनी १९६५ साली ज्याची बीजगणिती ओळख पटवली तो हा मोजणीविरहित वर्ग. त्यातील कोणताही नियम एका मर्यादेपलीकडच्या लांबीच्या या सर्व माळांना एकच उत्तर देतो. माळ जितकी लांब, तितका सम-विषम हा भेद त्याच्या दृष्टीने पुसट होत जातो.

यालाच संवृतीच्या भाषेत मांडता येते. ज्या दोन माळा वेगळ्या ओळखण्यासाठी फार मोठा नियम लागतो त्या परस्परांच्या निकट आहेत, असे मानावे. एखाद्या भाषेत, तिच्यातील माळा ज्या मर्यादाबिंदूंकडे सरकत जातात ते बिंदू मिळवले, की तिची संवृती तयार होते. पोर्तुगीज गणिती जोर्जी आल्मेइदा यांनी १९९०च्या दशकात दाखवलेला संबंध असा : दोन नियमित भाषा एका वर्गात विलगनीय असतात त्या तेव्हा आणि तेव्हाच, जेव्हा त्या वर्गाच्या दृष्टीने त्यांच्या संवृती परस्परांना छेदत नाहीत. सम आणि विषम या भाषा वेगळ्या आहेत, पण मोजणीविरहित दृष्टीला त्या क्षितिजावर एकत्र मिळालेल्या दिसतात. निकटता ही वस्तूंच्या अंगची नसते, ती पाहणाऱ्याच्या साधनाप्रमाणे ठरते. हे समीक्षकाने विसरू नये. 'या दोन कृतींत फरक नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा आपण आपल्या साधनाविषयीच बोलत असतो.

४

संवृतता या शब्दाचा या शास्त्रात आणखी एक अर्थ आहे, आणि नैतिक दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा. एखाद्या वर्गातील भाषांवर एखादी क्रिया केली असता फलित त्याच वर्गात राहते काय? नियमित भाषांचा वर्ग संयोग, छेद आणि पूरक या तिन्ही क्रियांखाली संवृत आहे. संदर्भमुक्त भाषांचा वर्ग संयोगाखाली संवृत आहे, परंतु छेदाखाली नाही आणि पूरकाखालीही नाही. काय आत आहे ते ज्या व्याकरणाने सांगता येते, त्याच जातीच्या व्याकरणाने काय बाहेर आहे ते सांगता येईलच, याची हमी नाही. चोरीची लक्षणे सांगणारा नियम उलटा केला, की प्रामाणिकपणाची लक्षणे मिळतात, ही आपली समजूत किती सैल आहे हे यावरून कळते.

संवृततेच्या साहाय्याने केलेला युक्तिवाद किती जपून करावा लागतो याचे उदाहरण भाषाविज्ञानातच आहे. स्वाभाविक भाषा संदर्भमुक्त नाहीत असे सिद्ध केल्याचे दावे बराच काळ प्रचलित होते. जेफ्री पुलम आणि जेराल्ड गझ्दार यांनी १९८२ साली ते एकेक तपासून अमान्य केले. त्यांतील काहींच्या मुळाशी एक साधी चूक होती : भाषेचा एक भाग गुंतागुंतीचा आहे, म्हणून सबंध भाषाही तितकीच गुंतागुंतीची. पण क आणि ख यांच्या यच्चयावत माळांची भाषा अगदी सोपी आहे, आणि तिच्या पोटात 'तितकेच' या अटीची अवघड भाषा बसलेली आहे. भागाचा गुण समग्रावर लादता येत नाही. पुढे स्टुअर्ट शीबर यांनी १९८५ साली स्विस जर्मनमधील वाक्यरचनेवरून जो युक्तिवाद केला तो टिकला, कारण त्यांनी नुसता भाग उचलला नव्हता. संदर्भमुक्त भाषेचा नियमित भाषेशी होणारा छेद संदर्भमुक्तच राहतो, या संवृततेच्या प्रमेयावर त्यांनी भिस्त ठेवली होती. भागावरून समग्राकडे जाण्याचा अधिकार सिद्ध करावा लागतो, तो गृहीत धरता येत नाही.

५

आता तो प्रसंग. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याचे स्तर ठरवून दिले. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांना पहिला स्तर, म्हणजे सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करणे. ४० ते ६० ला दुसरा स्तर, आणि त्यापुढे नोंदणी रद्द. योग्य श्रेय देऊन केलेली उद्धृते, संदर्भसूची वगैरे वगळावीत, आणि सामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्य धरू नये, असेही त्यांत म्हटले आहे. म्हणजे हा एक विलगक आहे. शब्दांच्या सलग तुकड्यांवरून फिरणारी एक खिडकी, आणि जुळणाऱ्या तुकड्यांची बेरीज.

आमच्याकडे एका विद्यार्थिनीने आपल्या आजीकडून आणि गावातील इतर बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेऊन त्यांवर प्रबंध लिहिला. कोणती ओवी कोणी, कोणत्या गावी, कधी सांगितली हे तिने प्रत्येक ठिकाणी नोंदवले होते. मात्र लोकगीतांच्या संग्रहांत असते त्याप्रमाणे ओव्या अवतरणचिन्हांविना, परिच्छेदापासून आत घेऊन छापल्या होत्या, आणि विवेचनात तर त्यांच्या ओळी वाक्यांतच गुंफल्या होत्या. पडताळणीचा अहवाल आला तेव्हा प्रबंध पहिल्या स्तरात बसत होता. जुळलेला मजकूर बहुतांशी ओव्यांचाच होता. तो आधी कोठे कोठे छापला गेला होता, ते मूळ स्रोत म्हणून दाखवले होते.

यात नवल काहीच नव्हते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात गोळा झालेल्या ओव्यांची संख्याच १,००,००० च्या वर जाते. या परंपरेचा स्वभावच असा, की ओळी, अर्ध्या ओळी, संबोधने एका बाईकडून दुसरीकडे जातात आणि प्रत्येक जण त्यांत आपले दुःख ओवते. समितीत मीही होते. 'ओव्या कमी करा, आणि उरलेल्यांचा आशय स्वतःच्या शब्दांत द्या,' अशी सूचना आम्ही केली. ती मला एवढेच म्हणाली, "मॅडम, आजीचे शब्द माझ्या शब्दांत लिहिले, तर खोटं त्याला नाही का म्हणायचं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी सही केली. तिने बऱ्याच ओव्या काढून टाकल्या, प्रबंध मान्य झाला, तिला पदवी मिळाली. काढून टाकलेल्यांत तिच्या आजीने सांगितलेल्याही होत्या.

६

आमची चूक नेमकी कोठे झाली? पहिले उत्तर असे, की विनियमांनीच वगळायला सांगितलेली श्रेययुक्त उद्धृते यंत्राने अवतरणचिन्हांच्या अभावी ओळखली नाहीत आणि आम्ही ती हाताने वगळली नाहीत. हे खरे आहे, आणि आमच्या बाजूने ते अक्षम्य आहे. परंतु चिन्हे असती तर प्रश्न मिटला असता असे मला वाटत नाही.

दुसरे उत्तर मधल्या प्रदेशाचे. 'स्वतःचे' आणि 'चोरलेले' हे परस्परपूरक संच आहेत असे आम्ही धरून चाललो. ओवी त्या मुलीची स्वतःची नव्हती आणि चोरलेलीही नव्हती. ती 'ककख' होती. विलगकाने तिचा निकाल लावला आणि आम्ही त्या निकालाला तिचे स्वरूप समजलो.

तिसरे उत्तर मला सर्वांत मूलभूत वाटते. विलगनाची पहिली अट अशी, की दोन संच परस्परांना छेदता कामा नयेत. छापील संग्रहातून न सांगता उचललेली ओवी आणि आजीच्या तोंडून उतरवलेली तीच ओवी या माळा म्हणून एकच आहेत. एकच माळ दोन्ही संचांत आहे. मग यंत्र कितीही समर्थ असो, खिडकी चौदा शब्दांची असो वा सबंध ग्रंथाची, विलगक असूच शकत नाही. ही उणीव तंत्राची नाही. चौर्य हा माळेचा गुणच नव्हे, तो कृतीचा गुण आहे. बोर्हेस यांनी १९३९ मधील पिएर मेनारच्या कथेत शब्दशः तोच मजकूर दुसऱ्या हातून आल्यावर दुसरा होतो, हे गमतीने मांडले. आमच्यासमोर ते गमतीने आले नव्हते. कोठून आले, कोणाकडून आले, कोणाला सांगून घेतले, ही माहिती माळेबाहेर असते. ती त्या मुलीने प्रत्येक ओवीखाली लिहून ठेवली होती, आणि आम्ही वाचत होतो फक्त माळा.

यात संवृततेचाही भंग आहे. चौदा शब्दांचे निर्दोष तुकडे एकापुढे एक जोडत गेले, तर तयार होणारा मजकूर निर्दोष असेलच असे नाही. मराठीसारख्या भाषेत, जेथे वाक्यातील पदांचा क्रम बराच मोकळा आहे, दर दहा-बारा शब्दांनी एखादे पद हलवून सबंध प्रकरण गिळंकृत करता येते आणि खिडकीला पत्ता लागत नाही. उलटपक्षी, प्रामाणिक ग्रंथाचे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा प्रामाणिक दिसेलच असेही नाही. भाग जुळतो म्हणून समग्र चोरीचे, ही तीच जुनी चूक.

७

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. नियम यांत्रिक असतो म्हणूनच तो निःपक्षपाती असतो. प्रत्येक प्रकरण माणसांच्या विवेकावर सोडले, तर त्या विवेकात ओळखी, जात, गटबाजी आणि मार्गदर्शकाचे वजन शिरणार नाही याची खात्री आपल्या विद्यापीठीय जीवनाचा अनुभव असलेला कोण देईल? यंत्राने त्या विद्यार्थिनीवर अन्याय केला, पण ती कोणाची कोण हे न पाहता केला. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून नियम नको, असा माझा निष्कर्ष नाही.

माझे म्हणणे एवढेच, की नियमाने आपले अज्ञान लपवू नये. विलगक एकच असला, की मधला प्रदेश दोन तुकड्यांत वाटला जाऊन अदृश्य होतो. त्याऐवजी दोन नियम असावेत : एक केवळ निःसंशय निर्दोष काय ते सांगणारा, दुसरा केवळ निःसंशय सदोष काय ते सांगणारा. या दोहोंत जे येणार नाही त्याविषयी दोन्ही नियमांनी मौन पाळावे. मग मधला प्रदेश दिसू लागतो, आणि तेथे ज्याचा निवाडा व्हायचा त्याला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क प्राप्त होतो. पक्षपाताचे भय त्या प्रदेशापुरते उरते. त्यावरचा उपाय म्हणजे निर्णयाची कारणे लेखी देणे, कारणांऐवजी आकडा देणे नव्हे. आकड्याला कारण विचारता येत नाही, आणि म्हणूनच त्याच्यामागे उभे राहणे आपल्याला सोयीचे वाटते.

साहित्यविचारात आपण सतत विलगकांनी काम चालवतो : ललित-ललितेतर, प्रमाण-बोली, मौलिक-अनुकृत. हे विलगक टाकून देता येणार नाहीत, कारण त्यांच्याविना अध्यापनही चालायचे नाही. परंतु त्यांच्यापैकी प्रत्येकाने कोणत्या 'ककख'ला परस्पर एका बाजूला ढकलले आहे, हे विचारण्याची जबाबदारी ते वापरणाऱ्यावर येते. मी ती एकदा पार पाडली नाही. ज्या ओव्यांनी तो प्रश्न माझ्यासमोर आणला, त्या आता प्रबंधात नाहीत.